लॅबमधल्या पोरांना एथिक्स कशाला?

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात एमडी पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एथिक्स म्हणजे आमच्याकडे वर्षातून एकदा सभागृहात स्लाइड्स. पण आम्हाला रुग्ण दिसतच नाही, दिसते ती बारकोड लावलेली नळी. मग आम्ही शिकायचं काय? आणि तपासणीनंतर उरलेलं सीरम (रक्तातला पातळ भाग) फेकायचंच असतं, तर थिसिससाठी वापरायला परवानगी कशाला? – एक निवासी डॉक्टर

उत्तर : स्लाइड्सबद्दल तुमचं पटलं. पण रुग्ण दिसत नाही, हे विदर्भातल्या लॅबमध्ये बसून म्हणू नका बुवा. आपल्याकडे पुष्कळ दिसणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारच घ्या. मूल एसएस (दोन्ही जनुकं सिकलची, एकेक आईबापाकडून आलेलं), आई एएस (एकच, म्हणजे वाहक), बाप एए (सिकलचं एकही नाही). तिन्ही रिपोर्ट टेबलावर आणि सही तुमची. मी विद्यार्थ्यांना विचारायची, आता काय कराल? कोपऱ्यातून खसखस पिकायची, 'बाप दुसरा असेल.' नळ्यांची अदलाबदल झाली नाही कशावरून? नमुना परत मागवला? बापाचं एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) पाहिलं? ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बाप बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार) वाहक असू शकतो आणि तुमचं 'एसएस' सिकल-बीटा थॅलेसेमिया, म्हणजे आईकडून सिकल आणि बापाकडून थॅलेसेमिया, निघू शकतं. हे न तपासता हसणं म्हणजे कुणाचा तरी संसार मोडायला निघणं. लॅबमधलं एथिक्स इथून सुरू होतं.

सगळं तपासूनही आकडे तेच राहिले तर? रिपोर्टला हात लावायचा नाही. ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात. नात्याचा तर्क कुठेही लिहायचा नाही आणि आजोबा रिपोर्टच्या खिडकीशी येऊन तिघांचे कागद मागू लागले तरी द्यायचे नाहीत. असं काही निघू शकतं, हे खरं तर रक्त काढण्याआधीच समुपदेशकाने सांगायला हवं. आईशी आधी एकटीशी बोलावं का, यावर सहकाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. मी बोलावं म्हणणारी.

एचआयव्हीच्या बाबतीत तर वादच नाही. संमती आणि गोपनीयता २०१७ च्या कायद्यातच आहे. तरी रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात.

सीरमचं म्हणाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. ओळख पुसलेल्या उरलेल्या नमुन्यांसाठी संमतीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी ठरवते, तेही काम सुरू होण्याआधी. तुम्ही नाही, तुमचे गाइडही नाहीत. रुग्णाने रक्त दिलं ते स्वतःच्या तपासणीसाठी, तुमच्या थिसिससाठी नव्हे.

विभागप्रमुखांना एवढंच सुचवा : सभागृह सोडा. आठवड्यातून एकदा, काम आटोपल्यावर, त्याच आठवड्यातला एक अडलेला रिपोर्ट नाव झाकून मधे ठेवा. टेक्निशियनलाही बसवा, खिडकीवर काय चालतं ते त्यालाच ठाऊक. रात्री दोनला कुणाचं पोटॅशियम ७, म्हणजे जिवावर बेतणारं, आलं आणि वॉर्डात फोन कुणी उचलेना, तर जिना चढायचा कुणी, हेही त्यात येऊ द्या. आणि प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत यावर एक प्रश्न ठेवायला सांगा. मार्क असले की पोरं वाचतात.