लिनक्सच्या ब्लॉक ट्रेसमध्ये, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या वाचन-लेखनाच्या नोंदीत, रिक्वेस्टची प्रायॉरिटी कशी बघायची?
कर्नल (लिनक्सचा गाभा) नवा असेल तर सरळ दिसते. २०२४ मध्ये लिनक्सच्या ब्लॉक रिक्वेस्ट ट्रेसपॉइंटमध्ये (कर्नलमधल्या नोंद घेण्याच्या जागेत) आयओप्रायोची, म्हणजे आयओ प्रायॉरिटीची, भर पडली. सेक्टर आणि लांबीनंतर ‘बीई,०,४’ असं काही येतं: क्लास (बीई म्हणजे बेस्ट एफर्ट, नेहमीचा क्लास), हिंट (डिव्हाइससाठी जादा सूचना), लेव्हल. लेव्हल ० सगळ्यात वरची, ७ शेवटची.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याचा सर्व्हर रोज रात्री बॅकअपला अडकायचा. बॅकअप ‘आयओनाइस’ने (आयओ प्रायॉरिटी ठरवणाऱ्या कमांडने) आयडल क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीत, लावलेला, त्यामुळे त्याच्यावर संशयच जाईना. ट्रेस काढला तर त्याच्या राइटवर ‘आयडल’ नव्हतंच! बफर्ड राइट (आधी मेमरीत साठणारं लेखन) नंतर केवर्कर, म्हणजे कर्नलचा स्वतःचा थ्रेड, डिस्ककडे पाठवतो, त्याला तुमचं आयओनाइस लागू होत नाही. डायरेक्ट राइट (मेमरीत न साठवता थेट डिस्ककडे जाणारं लेखन) लावलं, मग बरोबर आलं.

डिस्कच्या रिक्वेस्टचा क्रम लावणारा शेड्युलर मात्र बीएफक्यू किंवा एमक्यू-डेडलाइन ठेवा; ‘नन’ (शेड्युलरच नाही) असेल तर कर्नल रांग लावताना प्रायॉरिटी बघतच नाही.