वर्षभराच्या खेळाचा हिशेब

जानेवारीत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सरलेल्या वर्षाविषयीची पत्रे नेहमीच जास्त असतात. यंदा त्यांतील तीन पत्रे व्हिडिओ गेम खेळण्याच्या सवयीबद्दल होती. विषय एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रात हिशेब फार काळजीपूर्वक मांडलेला असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी ३६ वर्षांचा असून कोथरूडला राहतो आणि हिंजवडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. संगणकावरचे माझे सगळे गेम स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले आहेत आणि तेथे प्रत्येक गेमसमोर तो आजवर किती तास चालवला हे दिसते. १ जानेवारी २०२४ रोजी मी ते आकडे एका वहीत उतरवून ठेवले आणि पुढे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा उतरवत गेलो. ३१ डिसेंबरला वजाबाकी केली तेव्हा वर्षाचे ४८६ तास निघाले. त्यांत सिव्हिलायझेशन ६ या शहरे वसवण्याच्या गेमचे २१४, बाल्डर्स गेट ३ चे ११८, स्टारड्यू व्हॅलीचे ७१ आणि उरलेल्या सहा गेमचे मिळून ८३ तास आहेत. सर्वांत जास्त तास जुलैत (७७) आणि त्याखालोखाल मार्चमध्ये (६४) झाले, तर सर्वांत कमी सप्टेंबरमध्ये (११). मार्चमध्ये कामाचा ताण एवढा होता की घरी यायला दहा वाजत. जुलैत वडिलांवर शस्त्रक्रिया झाली आणि मी रात्री रुग्णालयातून परतल्यावर झोप येईपर्यंत खेळत बसत असे. बाल्डर्स गेट मी नाशिकच्या धाकट्या भावाबरोबर शनिवारी रात्री खेळलो आणि स्टारड्यू व्हॅली सात वर्षांच्या मुलीबरोबर रविवारी. सेलमध्ये १९ गेम विकत घेतले, त्यांवर ८,७४० रुपये खर्च झाले आणि त्यांपैकी सहाच उघडले. वही पाहून पत्नी काही बोलली नाही, आई मात्र ‘हे व्यसनच आहे’ असे म्हणाली. ४८६ तास म्हणजे अखंड वीस दिवस. मी हे वर्ष वाया घालवले का? आणि यंदा किती तासांची मर्यादा घालून घ्यावी?

उत्तर : आपण वही ठेवली आणि तीही महिनावार ठेवली, याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. स्टीम स्वतः डिसेंबरच्या मध्यास प्रत्येक खेळाडूला वर्षाचा आढावा दाखवते, पण त्यात कोणत्या गेमला किती टक्के वेळ दिला यावर भर असतो आणि शेवटच्या पंधरवड्याचा हिशेब त्यात येत नाही. आपल्या वहीतून जे दिसते ते त्या आढाव्यातून दिसले नसते.

आकड्याबद्दल एक दुरुस्ती सुचवते. स्टीमचा मीटर गेम उघडा असेपर्यंत चालू राहतो. आपण खेळ थांबवून जेवायला उठलात, मुलीला झोपवायला गेलात किंवा फोनवर बोलत बसलात, तरी ती मिनिटे जमा होतच असतात. त्यामुळे ४८६ ही कमाल मर्यादा समजावी, प्रत्यक्ष खेळ त्याहून काहीसा कमीच झाला असणार. उलट फोनवर काही खेळत असाल, तर ते तास या वहीत आलेलेच नाहीत. आहे तसा आकडा धरला तरी सरासरी रोज एक तास वीस मिनिटे होतात. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाने एका आवडीला दिलेला एवढा वेळ मला अवाजवी वाटत नाही. अखंड वीस दिवस ही मांडणी मात्र आपण सोडून द्यावी, कारण आपले जेवण, आंघोळ आणि हिंजवडीचा रोजचा प्रवास यांची बेरीज अशीच मांडली, तर तेही दिवस तितकेच वाया गेल्यासारखे वाटू लागतील.

माझ्या मते आपल्या वहीत खरी नजर ठेवण्याजोगी गोष्ट आहे ती महिन्यांची. मार्च आणि जुलै या दोनच महिन्यांत मिळून १४१ तास झाले, म्हणजे वर्षाचा जवळजवळ तीन दशांश वाटा. या दोन्ही महिन्यांत आपल्याकडे मोकळा वेळ नव्हताच, होता तो थकवा आणि काळजी. याउलट सप्टेंबरमध्ये गणपती होते, घरात माणसे होती आणि आपल्याला संगणकाची आठवणही फारशी झाली नसावी. आपला खेळ वेळ मिळाला म्हणून वाढत नाही, मन शिणले की वाढतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. वडील रुग्णालयात असताना रात्री साडेअकराला घरी आलेल्या माणसाला लगेच झोप येत नाही, आणि त्या वेळी एखाद्या शांत पटावर शहरे वसवत बसणे हा काही वाईट आसरा नव्हे. मी स्वतः अशी वही दोन वर्षे ठेवली आहे आणि माझ्याही वहीत सर्वांत लांब रात्री घरातल्या आजारपणाच्याच आहेत.

तरीही २१४ आणि ११८ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : यांतले काय आठवते? बाल्डर्स गेट ३ मध्ये चार जणांपर्यंत एकत्र खेळता येते आणि आपण दोघे भाऊ साधारण चार-चार तास बसला असाल, तर ११८ तास म्हणजे जवळपास तीस शनिवार होतात. नोकऱ्या लागल्यावर आणि गावे बदलल्यावर दोन भावांनी वर्षातले तीस शनिवार एकमेकांशी बोलत घालवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्टारड्यू व्हॅलीचेही तसेच. त्या गेममधला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि २८ दिवसांचे चार ऋतू मिळून ११२ दिवसांचे वर्ष होते. म्हणजे ७१ तासांत आपण आणि आपल्या मुलीने तेथे ढोबळमानाने अडीच वर्षे शेती केली. कोणत्या ऋतूत काय पेरले हे तिला आजही सांगता येईल, आपण विचारून पाहावे.

सिव्हिलायझेशनचे २१४ तास मात्र अशा रीतीने आठवणार नाहीत असे मला वाटते, आणि त्यामागे त्या गेमची रचना आहे. साध्या गतीने खेळल्यास एक डाव ५०० टर्नचा, म्हणजे ५०० पाळ्यांचा, असतो. सुरुवातीचा टर्न काही सेकंदांत संपतो, पुढे एकेका टर्नला कित्येक मिनिटे लागतात. कोणत्याही क्षणी पाहिले तरी एखादी वास्तू दोन टर्नमध्ये पूर्ण होणार असते, एखादे संशोधन तीन टर्नमध्ये हाती येणार असते आणि एखादी तुकडी पुढच्या टर्नला नदी ओलांडणार असते. सगळी कामे एकाच वेळी संपली असा क्षण तेथे येतच नाही, त्यामुळे उठण्याची जागा खेळ दाखवत नाही. थकलेल्या माणसाची निर्णय घेण्याची ताकद आधीच सरलेली असते आणि ‘एवढा एक टर्न’ करता करता दीड वाजतो. या गेमबद्दल मला आदरच आहे. पण शिणलेल्या रात्रीसाठी तो योग्य सोबती नाही, हे माझे मत मी स्पष्टच नोंदवते.

म्हणून वार्षिक तासांची मर्यादा घालू नये असे मी सुचवेन. ४८६ ऐवजी ३०० असा आकडा ठरवलात तर पहिली कात्री भावाबरोबरच्या शनिवारांवर चालेल, कारण तेच तास ठळक आणि ठरलेले आहेत, आणि मध्यरात्रीचे तास मात्र जसेच्या तसे राहतील. त्याऐवजी सोमवार ते शुक्रवार रात्री अकरानंतर सिव्हिलायझेशन उघडायचे नाही, एवढा एकच नियम करावा. उघडण्यापूर्वी उठण्याची वेळ कागदावर लिहावी आणि गजर संगणकापासून दूर, स्वयंपाकघरात लावावा. त्या गेममध्ये कोणत्याही टर्नला सेव्ह करता येते, त्यामुळे मध्येच उठल्याने काही बुडत नाही. तेवढ्या उशिरा खेळावेसे वाटलेच तर ज्याला नैसर्गिक शेवट असतो असा छोटा खेळ घ्यावा. आणि वहीत यंदा महिन्याच्या बेरजेबरोबर आणखी दोन रकाने आखावेत : कधी बसलो, आणि बसण्यापूर्वी काय चालले होते.

आईंच्या ‘व्यसन’ या शब्दाकडे मी दुर्लक्ष करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केला. ही आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या व्याख्येत तासांचा आकडा कोठेही नाही. खेळावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळालाच अग्रक्रम मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे, ही तीन लक्षणे त्यात आहेत. त्यांमुळे कुटुंब, शिक्षण, नोकरी अशा क्षेत्रांत लक्षणीय हानी व्हावी लागते, आणि हे चित्र साधारणपणे बारा महिने टिकलेले असावे लागते. घरी गणपती आले की ज्याचा खेळ महिन्यात ११ तासांवर येतो, त्याचा ताबा सुटलेला नाही. आईंना वही दाखवताना सप्टेंबरचे पान आधी दाखवावे. मात्र कोणाही वाचकाला ही तिन्ही लक्षणे स्वतःत दिसत असतील, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर या प्रश्नासाठी २०१४ पासून स्वतंत्र विभाग चालतो.

राहिले १९ गेम. विकत घेण्याचा आनंद आणि खेळण्याचा आनंद हे दोन वेगळे आनंद आहेत, आणि सेल पहिल्याचाच असतो. घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत करते. तेव्हा ज्या दिवशी घ्याल त्याच आठवड्यात तो तासभर खेळून पाहावा आणि तेवढा वेळ काढता येणार नसेल तर विशलिस्टमध्येच, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीतच, राहू द्यावा. सिव्हिलायझेशनचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आहे. तो घेण्यापूर्वी आपण जुलैचे पान एकदा वाचावे, एवढीच विनंती.

प्रश्न : मी हडपसरला राहते, वय २९. फोनवरच्या एका कोडी सोडवण्याच्या गेममध्ये मी वर्षभरात एकही दिवस हजेरी चुकवली नाही. खेळ आता आवडत नाही, तरी सुटत नाही. रोज थोडाच वेळ जातो, पण मनाला टोचते. असे का होते?

उत्तर : कारण आपण आता कोडी सोडवत नाही, हजेरी लावत आहात. अशा गेममध्ये सलग दिवसांबरोबर बक्षीस वाढत जाते आणि एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यामुळे दिवस जसे साठतात तशी गमावण्याची भीतीही साठते, आणि ३६६ व्या दिवशी ती सर्वांत मोठी असते. खेळण्याची संधी ठरावीक मिनिटांनी भरत जाणे, मर्यादित दिवसांच्या स्पर्धा आणि दिवसभर येणारी नोटिफिकेशन यांचाही उद्देश हाच असतो की आपण केव्हा खेळावे हे आपण ठरवू नये. टोचते ते यामुळे. वेळ थोडा जातो हे खरे असले तरी तो आपण दिलेला नसतो, मागून घेतलेला असतो.

सर्वांत आधी त्या गेमची नोटिफिकेशन बंद करावीत. मग प्ले स्टोअरमधील आपल्या खात्यात खरेदीचा इतिहास उघडून या गेमवर वर्षात किती रुपये गेले ते पाहावे. लहान लहान रकमांची बेरीज पाहिल्यावर पुष्कळदा निर्णय सोपा होतो. त्यानंतर एखादा दिवस मुद्दाम ठरवून हजेरी चुकवावी. पुण्यात एखाद्या गुरुवारी पाणी बंद असले की आपण आदल्या दिवशी तयारी करतोच, तसा गुरुवारच निवडावा. शुक्रवारी सकाळी मोजणी एकवर आलेली दिसेल. त्या वेळी कोडे सोडवावेसे वाटले तर खेळ अजून आवडतो असे समजून खुशाल खेळावे, आणि नाही वाटले तर तो फोनवरून काढून टाकावा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मित्र दर महिन्याला नवे गेम खेळतात आणि मी वर्षभर तीन जुनेच खेळलो. वर्ष मागे पडल्यासारखे वाटते.

उत्तर : स्टीमच्या २०२४ च्या आढाव्यानुसार खेळाडूंच्या एकूण वेळेपैकी १५ टक्केच वेळ त्या वर्षी आलेल्या गेमवर गेला आणि ३७ टक्के वेळ आठ वर्षे किंवा त्याहून जुन्या गेमवर. वर्षभरात खेळलेल्या गेमची मध्यक संख्याही अवघी चार होती, म्हणजे निदान निम्म्या खेळाडूंनी चार किंवा त्याहून कमीच गेम खेळले. आपले तीन गेम त्याच्या अगदी जवळ आहेत. एकच गेम वर्षभर खेळून त्याच्या खाचाखोचा कळतात, तशा त्या महिन्याला एक गेम बदलून कळत नाहीत.

यंदा चौथा गेम हवाच असेल तर ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ पाहावा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने तो २०२० मध्ये आणला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या शोधात निघते आणि दुर्गा व विष्णू तिची वाट सांगत जातात. पाच-सहा तासांत तो पूर्ण होतो, म्हणजे परीक्षा संपल्यानंतरचा एक शनिवार-रविवार त्याला पुरेल.