ट्रेनिंग आखताना कामगार आणि मॅनेजर दोघांना कसं सामील करायचं?

आधी शॉपफ्लोअरवर जा, कागद नंतर. मी भोसरीत एका प्रेस शॉपचं, म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा कापून-दाबून पार्ट बनवणाऱ्या विभागाचं, ट्रेनिंग बघायचो. आमचं पहिलं मॉड्यूल मीटिंग रूममध्ये बसून बनलं होतं, आणि पंच (प्रेसमधलं पत्रा कापणारं हत्यार) बोथट झाल्याचं कसं ओळखायचं हे त्यात कुठेच नव्हतं. ते दाखवलं वीस वर्षं प्रेसवर काढलेल्या एका ऑपरेटरने: स्ट्रोकचा आवाज बदलतो आणि पार्टच्या कडेला बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरखरीत धार, वाढलेली दिसते. नवी मुलं नेमकी तिथेच अडकायची आणि अख्खा ट्रे रिजेक्ट व्हायचा.

अमेरिकेत 1940 साली सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ कार्यक्रमाची रीत मला आजही सगळ्यात कामाची वाटते. कामाचे मुख्य टप्पे लिहायचे आणि प्रत्येक टप्प्यासमोर त्यातली खुबी. ही खुबी काम करणाऱ्यालाच विचारा, मशीनपाशी उभं राहून, पार्ट हातात असताना. केबिनमध्ये बोलावलंत तर तो ‘सगळं ठीक आहे साहेब’ म्हणून मोकळा होईल. रात्रपाळीची आणि कंत्राटी माणसंही यात हवीतच.

मॅनेजरकडून दोन गोष्टी आधीच कबूल करून घ्या: कोणतं रिजेक्शन कमी व्हायला हवं, आणि ट्रेनिंगच्या वेळी बदली माणूस कोण देणार. दुसरी ठरली नाही, तर महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या घाईत पहिली काट ट्रेनिंगलाच लागते.

पहिली बॅच त्या जुन्या ऑपरेटरलाच शिकवू द्या. सुपरवायझरने मागे उभं राहून बघावं, आणि मुलं जिथे थबकतील तिथे कागद दुरुस्त करावा.