'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' दाखवण्याआधी काय बोलशील?

अगं, गोष्ट सांगत बसू नकोस. ठाण्यात नौपाड्यातल्या आपल्या हॉलवर लोक कळवा-डोंबिवलीहून गाडी पकडून सिनेमा बघायला येतात. एवढंच सांग: १९४६चा ब्रिटिश सिनेमा, पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीचा, महायुद्ध नुकतंच संपलेलं. पेटत्या विमानातला वैमानिक पॅराशूटशिवाय उडी टाकण्याआधी वायरलेसवर एका अनोळखी मुलीशी बोलतो आणि जीव जडतो. पुढचं पडद्यावर सोड.

रंगांचं मात्र आधी सांगच. इथे पृथ्वी रंगीत आणि परलोक कृष्णधवल आहे. ते माहीत नसलं की मागच्या रांगेत "प्रिंट बिघडली का?" सुरू होतं. छायाचित्रण जॅक कार्डिफचं, ते नाव विसरू नकोस. परलोकाचा दूत खाली येतो तेव्हा त्याच्या कोटावरचा गुलाब बघ, करड्याचा गुलाबी होतो. काय सुंदर जागा आहे ती! खिडक्यांचे पडदे नीट ओढून घे, नाहीतर हा बदल दिसणारच नाही.

नंतर चर्चेत "खरंच परलोक, की डोक्याच्या दुखापतीचे भास?" हा वाद पेटेल. तू निकाल देऊ नकोस, सुरुवातीच्या पाटीवर काय लिहिलंय तेवढं आठवून दे. कुणीतरी सावित्री-यमाचा दाखला देईलच. त्यांना मनापासून बोलू दे, कारण इथेही प्रेमासाठी मृत्यूच्या दरबारात खटलाच चालतो. माईक आधी मागच्या रांगेला दे, पुढचे बोलतातच.