पट्टी नसलेलं पदक

प्रिय,

तुझं पत्र मिळालं, पदकाचे फोटोही पाहिले. मागच्या बाजूला कूच करणारी फौज, हत्तीच्या पाठीवर तोफ, 'अफगाणिस्तान' ही अक्षरं आणि तळाशी १८७८-७९-८०. पुढे व्हिक्टोरिया राणीचं मस्तक. दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धाचंच पदक आहे, यात शंका नको. तू हिरमुसलास ते दुकानदाराच्या बोलण्यामुळे. "याला एकही क्लॅस्प नाही, म्हणून स्वस्तात देतो," असं तो म्हणाला ना? मग आधी त्याबद्दलच लिहितो.

क्लॅस्प म्हणजे रिबिनीवरची नावाची चांदीची पट्टी. या युद्धासाठी अशा सहा पट्ट्या निघाल्या: अली मशीद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. एका माणसाला जास्तीत जास्त चार मिळाल्या. यादी पुन्हा वाच. मैवंद त्यात नाही. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदच्या मैदानात अफगाण सेनानी अयूब खानाच्या फौजेने इंग्रज जनरल बरोजच्या ब्रिगेडचा धुव्वा उडवला. सुमारे अडीच हजारांपैकी साडेनऊशेच्या आसपास माणसं त्या एका दिवसात पडली. हरलेल्या लढाईची पट्टी काढली गेली नाही. मेलेल्यांचं पदक पुढे वारसांकडे गेलं, ते असं कोरंच.

पट्टी नसलेलं प्रत्येक पदक मैवंदचं असतं असं मुळीच नाही. युद्धभर रसदीच्या वाटेवर, ठाण्यांवर पहारा दिलेल्या हजारोंनाही तसलंच मिळालं. चांदी तीच, ठसा तोच. फरक कळतो तो फक्त कडेवर. या नादाला लागलो तेव्हा मीही पट्ट्याच मोजायचो. बर्कशायरच्या ६६व्या पलटणीच्या एका शिपायाचं कोरं पदक मी कड धड न वाचता देऊन टाकलं. नाव टिपून ठेवलं होतं, ते दोन वर्षांनी मैवंदच्या मृतांच्या यादीत सापडलं. तोवर पदक कुठे गेलं याचा पत्ता राहिला नव्हता. त्याची चुटपुट अजून आहे.

म्हणून आधी भिंग घे आणि दिवा तिरका धर. या पदकाच्या कडेवर नावं कोरलेली असतात, मोठ्या अक्षरांत, कधी सरळ, कधी तिरपी. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. जुनं नाव घासून नवं कोरण्याची लबाडी जुनीच आहे. तसं केलं असेल तर कड तेवढ्या भागात बसकी लागते. पदकाचा व्यास साधारण ३६ मिलिमीटर असतो. कॅलिपरने चार ठिकाणी मोज आणि माप कुठे कमी भरतं ते बघ. पट्टी असलेलं पदक कधी हाती आलं तर पलटण तिथे होती का, हे आधी विचार. ६६व्या पलटणीच्या शिपायाच्या पदकावर 'अहमद खेल' दिसलं, तर पैसे काढू नकोस. इंग्रज जनरल स्टुअर्टची फौज ती लढाई लढली तेव्हा ही पलटण तिच्यात नव्हती.

आणि कृपा करून ते घासू नकोस. आपल्याकडे चांदी दिसली की रांगोळी नाहीतर दंतमंजन पुढे येतं. दीडशे वर्षांची अक्षरं अशी एका दुपारी पुसट होतात.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. मैवंदला ६६वी पलटण होती, तसे मुंबई फौजेचे पहिले ग्रेनेडियर्स होते, जेकब्ज रायफल्स होत्या, मुंबईचे सॅपर्स म्हणजे खोदकाम-बांधकाम करणारे सैनिक होते, घोडदळ होतं. मुंबई फौजेच्या पलटणींमध्ये कोकणातली, साताऱ्याकडची माणसं भरपूर असत. तुझ्या पदकावर असं एखादं नाव निघालं तर ते इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं असेल, हे लक्षात ठेव. जाधवचा 'जादो' होतो, सखारामचा 'सक्काराम', रावचा 'रो'. मोठ्याने म्हणून बघ, डोळ्यांना न कळलेलं कानाला कळतं. नावाच्या शेवटी 'नाक' आलं तर तो महार शिपाई असण्याची शक्यता दाट. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ची अशीच नावं आहेत.

मैवंदला ६६व्या पलटणीबरोबर बॉबी नावाचा एक कुत्राही होता. जखमी होऊन तो कंदाहारला पोहोचला, राणीने त्याच्या गळ्यात हेच पदक घातलं, आणि आज तो इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या संग्रहालयात काचेमागे आहे. तिथल्याच रेडिंग शहराच्या बागेतल्या सिंहाच्या स्मारकावर ६६व्या पलटणीच्या ३२९ मृतांची नोंद आहे. त्यांच्याच शेजारी पडलेल्या आपल्या शिपायांची नावं शोधताना मात्र दमछाक होते. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक तर भारतीय शिपायाला १९११पर्यंत मिळतच नसे. त्याच्यासाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट होतं. याचा मला राग येतो, आणि त्या रागापोटीच मी हे काम इतकी वर्षं करतो आहे. आणि अफगाणांचा विसर पडू देऊ नकोस. ते स्वतःच्या भूमीवर लढत होते. मैवंदच्या लढाईत अफगाणांना धीर देणाऱ्या मलालाईची गोष्ट त्यांच्याकडे अजून घराघरात सांगितली जाते.

शोध कुठून सुरू करायचा? गोऱ्या पलटणीचं नाव असेल तर लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ १०० या मालिकेत पदकांचे रोल, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या याद्या आहेत. भारतीय फौजेचं असेल तर ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचं दप्तर. तिथे शिपायांच्या नोंदी तोकड्या आहेत, तेव्हा पलटणीचा इतिहास आणि गावाकडची घरं हेच आपलं दप्तर. कुलाब्याच्या अफगाण चर्चचं नाव ऐकून तिकडे धावशील, पण ते पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं आहे.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशातला कोणी मोठी रक्कम देऊ लागला तरी पोस्टाने पाठवायची नाही. पावती जपून ठेव. पावतीच्या मागे ते कधी आणि कुठे घेतलं, दुकानदार काय म्हणाला, सगळं लिहून ठेव. पदक कुठल्या घरातून आलं हे त्याला माहीत असेल तर तेही. कितीतरी पदकं सोनाराच्या मुशीत गेली. हे का वाचलं, ते त्या घरालाच ठाऊक असणार.

कडेचा फोटो तू पाठवलेलाच नाहीस. उद्या सकाळच्या तिरक्या उन्हात, पदक थोडं थोडं फिरवत, कडेचे आठ फोटो काढ आणि न कापता पाठव. क्रमांक अर्धवट दिसला तरी चालेल, पलटणीची अक्षरं स्पष्ट हवीत. ती आली की कोणतं दप्तर उघडायचं ते लगेच कळवतो.

तुझा,
काका