गंगाखेडची मुलगी आणि समुद्राचा तळ

पत्र : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले. आता ती म्हणते, जिऑलॉजी घेते आणि पुढे समुद्राच्या तळाचा अभ्यास करते. आम्ही गंगाखेडचे. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही, तिला पोहताही येत नाही. महिनोन् महिने बोटीवर राहावं लागेल का, मुलीला ते झेपेल का, असं तिची आई सारखं विचारते. यात नोकरी मिळते का? की तिला नीट रिपीट करायला लावू?
– एक वडील, गंगाखेड

नमस्कार.

तुमच्या गावावरून गोदावरी वाहते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात नदीत उतरते आणि वाहत वाहत बंगालच्या उपसागरात जाऊन तळाशी बसते. आता जायकवाडी आणि खालच्या धरणांत त्यातला पुष्कळ गाळ अडतो, पण हजारो वर्षं तो थेट समुद्रात जात होता. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या थरांवरून शास्त्रज्ञांनी गेल्या काही हजार वर्षांत आपल्याकडचं पाऊसमान कसं घटत गेलं, याचा माग काढलाय. तेव्हा समुद्र पाहिला नाही म्हणून हा विषय तुमच्या घराला परका आहे, असं समजू नका. तुमच्या शिवारातली माती तिथे पोचलेली आहे.

आता बोटीचं. या कामाचं नाव काढलं की डोळ्यांसमोर जहाज येतं, पण कामाचा बहुतेक काळ जमिनीवर, टेबलाशी जातो. जहाजावरून पोलादी नळी तळाच्या चिखलात रुतवतात आणि आत भरलेला गाळाचा लांबच लांब दंडगोल वर घेतात. त्याला कोअर म्हणतात. प्रयोगशाळेत तो उभा चिरतात. एक अर्धा भाग जपून ठेवायचा, दुसऱ्याचे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा बारीक चाळणीवर पाण्याने धुवायचा, वाळवायचा. मागे उरते चिमूटभर पांढरी रेती. मायक्रोस्कोपखाली पाहिलं की त्यातले कित्येक कण म्हणजे इवलेसे शंख असतात, फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांचे. ओल्या केलेल्या अगदी बारीक ब्रशच्या टोकाने ते एकेक उचलायचे, जातीप्रमाणे वेगळे करायचे आणि मोजायचे. कोणत्या थरात कुठली जात किती, यावरून त्या काळच्या हवामानाचा, पावसाचा अंदाज बांधतात. एका कोअरमधून असे शेकडो नमुने निघतात. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो, म्हणून बोटभर चिखलात काही शतकांचा पाऊस दडलेला असतो. माझ्या एका विद्यार्थिनीची पहिली दोन वर्षं जवळजवळ पूर्ण या ब्रशवरच गेली. तिला ते आवडलं. तिच्याबरोबरच्या मुलाला नाही आवडलं, तो पुढे दुसऱ्या क्षेत्रात गेला आणि सुखात आहे. लेकीच्या आवडीची खरी परीक्षा इथे होणार आहे.

जहाजावर जावं लागतंच, पण बहुतेक सफरी काही आठवड्यांच्या असतात. पाळ्या लावून रात्रंदिवस काम चालतं आणि पहिले दोन-तीन दिवस उलट्यांनी जीव हैराण होतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमा मात्र दोन महिन्यांच्या. 2015 मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' हे जहाज कोलंबोहून निघून मुंबईला लागलं. वाटेत अरबी समुद्रात, साडेतीन किलोमीटर पाण्याखालचा तळ त्यांनी हजार मीटरहून खोल खणला, तो हिमालयाची झीज आणि मान्सूनचा इतिहास वाचण्यासाठी. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ होते.

मुलीला झेपेल का, हे विचारणाऱ्या आईला नागपूरच्या अदिती पंत यांच्याबद्दल सांगा. त्या पुण्यात बी.एस्सी. झाल्या, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं आणि 1983-84 च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. सोबत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. आईची काळजी मला खोटी वाटत नाही. अनोळखी माणसांबरोबर आठवडे काढायचे म्हणजे मनात धाकधूक होणारच. पण वाट नवी नाही, चाळीस वर्षांपूर्वीच पडली आहे. आणि पोहता येत नसेल तर परभणीत किंवा नांदेडला शिकता येईल, त्यासाठी विषय सोडू नये.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात फारसं काही होत नाही. बी.एस्सी., मग एम.एस्सी., म्हणजे निदान पाच वर्षं धरा. त्यानंतरचा सर्वांत भरवशाचा रस्ता यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, इथे वर्ग एकचं पद मिळतं, सुरुवातीचं मूळ वेतन 56,100 रुपये. जीएसआयचा सागरी विभाग मंगळूरहून चालतो आणि त्यांची स्वतःची जहाजं आहेत. मात्र नेमणूक सागरी विभागातच होईल असं नाही, राजस्थानातल्या डोंगरातही होऊ शकते. संशोधनाकडे वळायचं तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळवायची (सध्या महिना 37,000 रुपये), पीएच.डी. करायची आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा वास्कोच्या ध्रुवीय केंद्रासारख्या ठिकाणी प्रयत्न करायचा. तिथे कायमच्या जागा थोड्या, वाट पाहावी लागते. खासगीत तेल-वायू, बंदरं, समुद्राखालच्या केबल यांच्यासाठी तळाची पाहणी करणाऱ्या कंपन्या आहेत. 2021 मध्ये मंजूर झालेल्या डीप ओशन मिशन या खोल समुद्राच्या शोधासाठीच्या सरकारी योजनेमुळेही काम वाढलंय. हिंदी महासागराच्या मध्यभागी 75,000 चौरस किलोमीटर तळावर धातूंचे गोटे शोधण्याचा हक्क भारताकडे आहे.

एक चूक टाळा. बारावीनंतर लगेच 'सागरी' नावाचा एखादा झगमगीत डिप्लोमा घेऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने तशी दोन वर्षं आणि वडिलांचे लाखभर रुपये घालवले. यूपीएससीच्या अर्जाला त्या कागदाचा काडीचा उपयोग झाला नाही. आधी साधं, पक्कं जिऑलॉजी. खडक ओळखता येईना तर गाळ काय ओळखणार? पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स इथे बी.एस्सी.ला हा विषय आहे. नांदेड, संभाजीनगरच्या कॉलेजांतही चौकशी करा, घराजवळ खर्च कमी येईल. सागरी शाखेचा विचार एम.एस्सी.ला करायचा. मंगळूर आणि कोचीला ते शिक्षण मिळतं. आयआयटी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली तर मुंबई आयआयटीचं अप्लाइड जिऑलॉजीही खुलं होतं. गणित सोडू देऊ नका.

रिपीटचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण पत्राचं खरं ओझं तेच असावं. तिला डॉक्टर व्हायचंय का, हे तिच्या तोंडून ऐका. पत्रात ते कुठेच दिसलं नाही. तिची इच्छा नसताना घातलेलं वर्ष तुम्हालाही जड जाईल आणि तिलाही.

दिवाळीच्या सुमारास नदीचं पाणी उतरलं की तिला घेऊन काठावर जा. दरड जिथे उभी कापली गेलीय अशी जागा शोधा. खालून वरपर्यंत टेपने मोजत प्रत्येक थराचा रंग, जाडी, माती की वाळू, गारगोट्या कुठे लागल्या, हे तिला वहीत चित्र काढून लिहू द्या. घाई करू नका, दुपार गेली तरी चालेल. ते पान मला पाठवा, मग तिच्याशी फोनवर बोलते.