आईचा मोतीबिंदू आणि पडण्याची धास्ती

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या काही महिन्यांत ती दोनदा उंबरठ्याला अडखळून पडली. मुक्या मारावर निभावले. मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. शस्त्रक्रियेने तिचे पडणे थांबेल का? दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया किती दिवसांनी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मोतीबिंदू पिकू देण्याचा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आता फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग फोडून शोषून घेतात. ते पिकून टणक झाले असेल तर काम उलट अवघड होते. आपल्या आई दोनदा पडल्या आहेत, तेव्हा आता थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला चांगला आधार आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरी ओलांडलेल्या ३०६ स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांचे पडण्याचे प्रमाण वर्षभर प्रतीक्षायादीत राहिलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते, आणि हाड मोडण्याचे प्रमाण ८ टक्क्यांऐवजी ३ टक्के होते. मोतीबिंदूत केवळ बारीक अक्षर दिसेनासे होते असे नाही, तर मिळत्याजुळत्या रंगांतला फरकही पुसट होतो. त्यामुळे करड्या फरशीला लागून असलेला करडा उंबरठा किंवा मोरीची कड संध्याकाळच्या उजेडात त्यांना वेगळी दिसतच नाही.

मात्र पडणे पूर्णपणे थांबेल, अशी हमी कोणी देऊ नये. विशेषतः दोन शस्त्रक्रियांमधला काळ जपण्याचा असतो. आईंना आधीपासून मोठा उणे नंबर असेल, तर एका डोळ्याचा नंबर जवळजवळ जातो, दुसऱ्याचा तसाच राहतो, आणि दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळत नसल्याने पायरीच्या खोलीचा अंदाज चुकतो. पहिला डोळा नीट बरा झाल्याची खात्री झाली की दुसऱ्याची तारीख काही आठवड्यांतच घ्यावी. ‘आता एका डोळ्याने छान दिसते आहे’ म्हणून ती पुढे ढकलली जाते, हे मी नेहमी पाहतो आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

नव्या चष्म्याबाबतही सावध राहावे. सिडनीतील २००७ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढील अशक्त व्यक्तींना डोळे तपासून नवे चष्मे दिल्यावर त्यांचे पडणे कमी न होता वाढले. नंबरातील मोठा बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. बायफोकल चष्म्यातून खाली पाहताना जवळच्या नंबराची काच समोर येते आणि नेमकी पायाखालची जमीन धूसर होते. म्हणून घराबाहेर चालताना व जिना उतरताना केवळ लांबचा चष्मा आणि वाचनासाठी वेगळा, अशी सोय करावी.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी किंवा ढापण असेल, त्या रात्री शौचालयापर्यंत दिवा चालू ठेवून कोणीतरी सोबत जावे. याशिवाय आई झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेत असतील, तर झोपून आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळचा रक्तदाब आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून मोजून घ्यावा. उठताना तो एकदम उतरत असेल, तर गोळ्यांच्या मात्रेचा विचार त्यांनाच करावा लागेल.